तीनचाकी मोटारवाहन

तीनचाकी मोटारवाहन : यंत्रशक्तीवर चालणारे व तीन चाकांवर तोललेले वाहन. चाकांच्या मांडणीवरून त्याचे दोन मुख्य प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात पुढे एक व मागे दोन चाके असतात. रिक्षा, तीनचाकी टेम्पो व मोकळ्या भूमीवर चालविण्याची तीनचाकी यंत्रे या प्रकारात मोडतात. दुसऱ्या प्रकारात पुढे दोन व मागे एक चाक असते. इंग्‍लंडमधील मॉर्गन कंपनीची १९०९-१० पासूनची जुनी तीनचाकी गाडी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. भारतात पहिला प्रकारच रूढ असल्याने प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्याचाच विचार केला आहे. दोन चाकांचे वाहन उभे करताच कलंडते, म्हणून त्यावर बसणारा सावध असतो. तीन चाकांचे वाहन आपोआप उभे राहते, म्हणून ते सुरक्षित आहे असा समज होतो. उभ्या वाहनाचे हे स्थैर्य व धावत्या वाहनाचे स्थैर्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद ध्यानात न घेतल्याने तीनचाकी वाहनांचे अनेक अपघात झालेले आहेत.

स्थैर्याचे तत्त्व : चौरंगाचा एक पाय आखूड असल्यास तो डगमगतो, तिवई मात्र कितीही ओबडधोबड जमिनीवर ठेवली, तरी तिचे तिन्ही पाय टेकलेले राहतात. तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, हे याचे भूमितीय कारण होय. त्यामुळे खाचखळग्यांच्या जमिनीवर तीनचाकी वाहनाची तिन्ही चाके जमिनीशी संपर्क राखतात व त्याच्या सांगाड्यास पीळ बसत नाही. हा मोठाच लाभ आहे. परंतु तिवईच्या कडेवर भार देताच ती ज्या सहजतेने उलटते, त्या सहजतेने चौरंग उलटत नाही. तिवईचा आधार त्रिकोणी असतो व त्या त्रिकोणाच्या बाजू मध्याच्या बऱ्याच जवळून जातात.

चारचाकी वाहन वळणावर उलटते तेव्हा ते बाहेरच्या बाजूच्या दोन चाकांना जोडणाऱ्या रेषेभोवती उलटते. ही रेषा वाहनाच्या लांबीला समांतर असते. पुढे एक चाक असलेले वाहन मात्र पुढचे चाक व बाहेरचे मागचे चाक यांना जोडणाऱ्या तिरप्या रेषेभोवती उलटते. वाहनाचा गुरुत्वमध्य जसजसा पुढे सरकतो, तसतसा तो या रेषेच्या जवळ येतो. म्हणजे अशा वाहनाची उलटण्याची प्रवृत्ती केवळ त्याच्या रुंदीवर व गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून नसते, तर भार पुढे आहे की मागे, यावरही तितकीच अवलंबून असते. चारचाकीत या तिसऱ्या गोष्टीला एवढे महत्त्व नसते.

हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. मागील दोन चाकांमधील अंतर १·२ मी., पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर २ मी. आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची ०·६ मी. असलेले एक वाहन घेऊ. ते चारचाकी असल्यास १० मी. त्रिज्येच्या वळणावर सु. ३६ किमी. प्रतितास वेगापर्यंत उलटणार नाही. तेच तीनचाकी असून त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून दोन-तृतीयांश अंतरावर असल्यास ही मर्यादा सु. २९ किमी. वर येते. गुरुत्वमध्य पुढे सरकून दोन्ही आसांच्या बरोबर मध्ये आला, तर ती सु. २५ किमी. होते. गुरुत्वमध्य मागे तसाच ठेवून केवळ त्याची उंची ०·८ मी. केली, तरीही ती सु. २५ किमी. च होते. या आकड्यांत टायरांची लवचिकता व स्प्रिंगांची हालचाल धरलेली नाही. ती धरल्यास प्रत्यक्ष मर्यादा आणखी खाली येते.

ब्रेक लावल्यावर वाहनाचा भार पुढच्या चाकाकडे झुकतो. वळणावर ब्रेक लावल्यास बाहेर ढकलणारी व पुढे ढकलणारी अशा दोन प्रेरणा एकत्र येतात व त्यांची संयुक्त दिशा नेमकी त्या तिरप्या रेषेकडे रोखलेली असते. म्हणून वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करणे आणि वळणात ब्रेक न दाबणे, हा या वाहनाच्या चालकाचा पहिला नियम ठरतो. पुढे दोन चाके असलेल्या प्रकारात परिस्थिती उलट असते; तेथे ब्रेक लावल्यावर भार त्रिकोणाच्या रुंद बाजूकडे जातो. मात्र वळणात वेग वाढविल्यास तो प्रकार अधिक अस्थिर होतो.

इतिहास : स्वयंचलित वाहनांच्या इतिहासाचा आरंभच तीन चाकांपासून होतो. फ्रान्समध्ये नीकॉला झोझेफ क्यून्यो या लष्करी अभियंत्याने १७६९ मध्ये तोफा ओढण्यासाठी वाफेवर चालणारे तीनचाकी वाहन तयार केले. त्याचा जड बाष्पित्र पुढच्या एकमेव चाकाच्याही पुढे टांगलेला होता. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी ज्या मोटारगाडीच्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) २९ जानेवारी १८८६ रोजी अर्ज केला, तीही तीनचाकीच होती. चार चाकांच्या गाडीची दोन पुढची चाके योग्य प्रकारे वळविण्याचा प्रश्न त्यांना त्यावेळी समाधानकारकपणे सोडविता आलेला नव्हता. त्यांच्या पत्नी बेर्टा यांनी १८८८ मध्ये दोन मुलांसह मानहाइम ते फोर्टसहाइम असा सु. १०० किमी. चा प्रवास बेंझ यांच्या तीनचाकी गाडीतून केला. चारचाकी गाडीची सुकाणू-यंत्रणा सुधारल्यावर प्रवासी मोटारींतून तिसऱ्या चाकाची ही मांडणी मागे पडली; पण कमी खर्च, हलके वजन व थोड्या जागेत वळण्याची क्षमता या गुणांमुळे मालवाहतुकीत ती टिकून राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत प्याज्जो कंपनीने १९४८ मध्ये स्कूटरच्या आधारे बनविलेले ‘आपे’ हे वाहन व जर्मनीत हाम्बुर्ग येथील फिडाल उंड झोन कंपनीचे ‘टेम्पो’ वाहन ही त्याची उदाहरणे होत.

महाराष्ट्रातील तीनचाकी वाहने : भारतातील तीनचाकी वाहनांचा उद्योग प्रामुख्याने पुणे परिसरात वाढला. माणसाने ओढावयाच्या रिक्षेस पर्याय म्हणून स्वयंचलित रिक्षेचा पुरस्कार करण्याचे श्रेय न. कुं. फिरोदिया यांना दिले जाते. बजाज टेम्पो ही कंपनी १९५८ मध्ये स्थापन झाली व तिने जर्मन कंपनीच्या सहकार्याने ‘हान्झेआट’ या तीनचाकी मालवाहू वाहनाचे उत्पादन सुरू केले. जर्मनीत या नमुन्याचे उत्पादन १९५० नंतरच्या दशकातच थांबले असले, तरी भारतात ते विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालू राहिले. या वाहनाच्या नावावरून ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत कोणत्याही लहान मालवाहू मोटारीसाठी सामान्यनाम म्हणून रूढ झाला. २००५ मध्ये कंपनीने फोर्स मोटर्स हे नाव धारण केले. शब्द मात्र जुनाच राहिला. बजाज ऑटो कंपनीने प्याज्जोच्या परवान्याखाली रिक्षा बनविण्यास प्रारंभ केला व १९७७ मध्ये मागील बाजूस एंजिन असलेली रिक्षा बाजारात आणली.

टेम्पो व रिक्षा यांच्या रचनेत एक महत्त्वाचा फरक आहे. हान्झेआट टेम्पोचे दोन सिलिंडरांचे द्विधाव (दोन धावांचे) एंजिन पुढच्या चाकावरच बसविलेले असून शक्ती त्याच चाकास दिली जाई. टेम्पो रिकामा असताना त्याचा भार त्रिकोणाच्या टोकाकडे येई व वळणावर तो हलका पडे. माल भरल्यावर गुरुत्वमध्य मागे जाई, ही गोष्ट स्थैर्यास अनुकूल होती. पण मालाची रास उंच केल्यास हा लाभ नाहीसा होई. शिवाय चढावर मागचा भार वाढला, की पुढचे चाक हलके होई व ओढणारे चाकच जमिनीवरची पकड गमावून जागीच फिरू लागे. रिक्षेत मागील दोन्ही चाकांना विभेदी दंतचक्रांद्वारे (डिफरन्शियलद्वारे) शक्ती मिळत असल्याने हा दोष राहत नाही. तथापि चालकाच्या आसनावर दोन्ही बाजूंस प्रवासी बसविल्यास गुरुत्वमध्य पुढे सरकतो व वर सांगितल्याप्रमाणे रिक्षेची वळणावरील सुरक्षितता घटते. अशा रीतीने बसलेले दोन प्रवासी मागच्या आसनावरील जादा दोन प्रवाशांपेक्षा अधिक धोकादायक ठरतात. शिवाय चालकाच्या हातांची हालचालही त्यामुळे अडते.

देशाच्या अन्य भागांत स्थानिक कारागिरांनी स्वतंत्र नमुने तयार केले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विक्रीस काढलेल्या हार्ली-डेव्हिडसन मोटारसायकलींना मागे आसनांची पेटी जोडून बनविलेल्या ‘फटफटी’ दिल्लीत अनेक दशके चालल्या. प्रदूषणाच्या कारणास्तव १९९८ च्या सुमारास त्या बंद झाल्या. सौराष्ट्रात पुढे मोटारसायकलीचा व मागे गाड्याचा भाग असलेला ‘छकडो’ शेतमाल व माणसे यांच्या वाहतुकीसाठी प्रचारात आला. कच्च्या रस्त्यांवर व शेतवाटांवर वापरले जाणारे हे भारतीय वाहन मोकळ्या भूमीवरील तीनचाकी यंत्रांच्या सर्वांत जवळचे म्हणता येईल.

नाशिक परिसरातील परिस्थिती : तीनचाकी वाहनाचे गुणदोष भूमीच्या स्वरूपाप्रमाणे कसे बदलतात, हे नाशिक जिल्ह्याच्या उदाहरणावरून चांगले समजते. जिल्ह्याच्या पश्चिमेस इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा हे सह्याद्रीच्या रांगांतील, भरपूर पावसाचे तालुके आहेत; पूर्वेकडे निफाड, येवला या भागांत सपाट काळी जमीन आहे. जुन्या बैलगाडीच्या वाटेवर दोन चाकोऱ्या व त्यांच्यामध्ये उंचवटा असतो. चारचाकी वाहनाची चाके दोन्ही चाकोऱ्यांतून जाऊ शकतात. तीनचाकी वाहनास मात्र तीन वाटा लागतात. मागची चाके चाकोरीत ठेवल्यास पुढचे चाक मधल्या उंचवट्यावर चढते. पुढचे चाक चाकोरीत ठेवल्यास मागचे एक चाक उंचवट्यावर येते व वाहन एका अंगाला कलते. खड्डा चुकविताना पुढचे चाक वाचले, तरी मागच्या दोहोंपैकी एक चाक त्यात जाण्याचा संभव असतो.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात चाकाला चिकटते. चिखलाने अरुंद पुढच्या चाकाचा चिखलरोधक भरून गेला, की चाक अडते व सुकाणू निरुपयोगी होते. पश्चिमेकडील मुरमाड उतारावर याउलट अडचण येते. तेथे एकट्या पुढच्या चाकास पकड मिळत नाही व हँडल वळवूनही वाहन सरळच पुढे जाते. नांदुरीहून सप्तशृंगगडावर जाणारा किंवा नाशिक-पेठ मार्गावरील घाट यांसारख्या वळणांच्या रस्त्यांवर उतरताना वळण, उतार व ब्रेक ही तिन्ही कारणे एकाच वेळी भार पुढे व बाहेर ढकलतात. खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरणे हाच तेथे एकमेव उपाय होय.

मोकळ्या भूमीवरील तीनचाकी यंत्रे : रस्ता नसलेल्या भूमीवर, म्हणजे वाळू, बर्फ, चिखल, गवताळ माळ यांवर चालविण्यासाठी खास बनविलेल्या तीनचाकी यंत्रांचा उगम १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीचा आहे. अमेरिकेत हिवाळ्यात मोटारसायकलींची विक्री मंदावत असे. त्या काळात विकता येईल असे वाहन जपानमधील होंडा कंपनीच्या अमेरिकेतील शाखेने १९६७ मध्ये मागितले. ओसामू ताकेउची या अभियंत्याने निरनिराळ्या चाकसंख्या असलेले नमुने तपासून अखेर तीन चाकांची रचना निश्चित केली. १९७० मध्ये ‘यूएस ९०’ या नावाने ते यंत्र विक्रीस आले व पुढे त्यास ‘एटीसी ९०’ हे नाव मिळाले. त्याचे ८९ घ. सेंमी. चे चार धावी एंजिन सु. ७ अश्वशक्ती देई. त्यात स्प्रिंगांची योजना नव्हती. फुग्यासारखे मोठे, कमी दाबाचे टायर हेच धक्के शोषून घेत. १९७१ मधील ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या चित्रपटातही हे यंत्र दिसते.

प्रारंभी करमणुकीचे साधन असलेले हे यंत्र शेतकरी, पशुपालक व वनरक्षक यांनाही उपयुक्त वाटू लागले. १९८० च्या सुमारास यामाहा व त्यानंतर कावासाकी आणि सुझुकी या कंपन्या या क्षेत्रात उतरल्या व शक्तीची स्पर्धा सुरू झाली. होंडाच्या १९८१ मधील ‘एटीसी २५० आर’ या यंत्रात द्विधाव एंजिन व पुढे-मागे स्प्रिंगा होत्या. १९८५ मध्ये त्यास द्रवशीतन मिळाले. कावासाकीचे ‘टेकाटे’ (१९८४) व यामाहाचे ‘ट्राय-झी’ (१९८५) ही त्याची प्रतिस्पर्धी यंत्रे शर्यतीच्या मोटारसायकलींच्या एंजिनांवर आधारलेली होती. सु. १५ वर्षांत एंजिनाची शक्ती कित्येक पटींनी वाढली. आधाराचा त्रिकोण मात्र त्रिकोणच राहिला. जुन्या यंत्रांचे संग्राहक आज ज्यांना मान देतात, ती प्रामुख्याने ही १९८१ ते १९८७ मधील शक्तिमान यंत्रे होत. भारतात या यंत्रांचा उल्लेखनीय प्रसार झाला नाही.

रचनेचे विशेष : या यंत्रांच्या टायरांतील हवेचा दाब सामान्यतः दर चौ. सेंमी. ला ०·१५ किग्रॅ. च्या आसपास, म्हणजे मोटारगाडीच्या टायरातील दाबाच्या सु. एक-दशांशाहूनही कमी असतो. त्यामुळे टायर जमिनीवर पसरतो, भार मोठ्या क्षेत्रावर विभागला जातो व वाळूत किंवा चिखलात यंत्र रुतत नाही. मात्र इतक्या कमी दाबात थोडाही फरक महत्त्वाचा ठरतो. मागच्या दोन टायरांतील दाब असमान असल्यास यंत्र सतत एका बाजूस ओढते. दाब अधिक झाल्यास टायर चेंडूसारखा उसळतो. अधिक दाबासाठी बनविलेला मोटारगाडीचा दाबमापक येथे निरुपयोगी असून कमी दाबाचा स्वतंत्र मापक लागतो.

मागील दोन चाके एकाच अखंड आसावर घट्ट बसविलेली असतात व साखळीने फिरविली जातात. बहुतेक यंत्रांत विभेदी दंतचक्रे नसतात. त्यामुळे दोन्ही चाकांना नेहमी सारखीच गती मिळते. सरळ चढावर याचा लाभ होतो. वळणावर मात्र बाहेरच्या चाकास अधिक अंतर कापावयाचे असल्याने दोहोंपैकी एक चाक घसरावेच लागते. ते न घसरल्यास यंत्र वळत नाही. वेग वाढविण्यासाठी उजव्या हाताच्या अंगठ्याने दाबावयाची कळ असते. सुरुवातीच्या लहान यंत्रांत केंद्रोत्सारी स्वयंचलित क्‍लच असे. शर्यतीच्या यंत्रांत हाताने चालवावयाचा क्‍लच आला.

चालविण्याचे तंत्र : मोटारगाडीत चालक हा प्रवासी असतो, या यंत्रात तो यंत्राचा भाग असतो. यंत्राचे वजन सु. १३० किग्रॅ. व चालकाचे ६५ किग्रॅ. धरल्यास एकूण भाराचा तिसरा हिस्सा चालकाच्या शरीराचा असतो आणि तेवढाच हिस्सा हवा तसा हलविता येतो. म्हणून या यंत्राचे आसन लांब ठेवलेले असते. ते दोघांसाठी नसून चालकास पुढे-मागे सरकता यावे यासाठी असते. मागे दुसरा माणूस बसविल्यास चालकाची ही मोकळीक जाते.

वळताना प्रथम वेग कमी करून चालक शरीराचा वरचा भाग वळणाच्या आतील बाजूस झुकवितो व त्याच वेळी बाहेरच्या पावठ्यावर पायाने भार देतो. त्यामुळे आतले मागचे चाक हलके होऊन घसरते व यंत्र वळते, तर आत झुकलेले शरीर उलटण्यास विरोध करते. दुचाकीवर बसण्याची सवय असलेल्या माणसाला यात दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. दुचाकी स्वतः वळणात कलते, तीनचाकी कलत नाही. तसेच तोल जातोसे वाटताच दुचाकीस्वार पाय जमिनीवर टेकतो. तीनचाकीवर तसे केल्यास मागून येणारे रुंद चाक पायावर चढते व चालक खाली ओढला जातो. पाय पावठ्यांवरून कधीही काढू नये, हा नियम यामुळेच अत्यंत कडकपणे शिकविला जातो.

चढ चढताना पुढे झुकून भार पुढच्या चाकावर द्यावा लागतो. नाहीतर एंजिनाच्या जोराने पुढचे चाक उचलले जाऊन यंत्र चालकाच्या अंगावर मागे उलटते. चढावर एंजिन बंद पडल्यास सर्वांत मोठा धोका उद्‌भवतो. यंत्र मागे घरंगळू लागल्यावर केवळ मागचा ब्रेक एकदम दाबल्यास ते उलटते. पुढचा ब्रेक असल्यास तो हळूहळू लावून, भार वरच्या बाजूस ठेवून, वरच्याच बाजूस उतरावे. उतारावर भार मागे घेऊन, कमी गिअरमध्ये सरळ रेषेत उतरावे. द्विधाव एंजिनाचा गतिरोध अल्प असल्याने तेथे ब्रेकवर अधिक विसंबावे लागते. डोंगराच्या उतारावरून आडवे जाणे शक्यतो टाळावे. जाणे भाग पडल्यास शरीर चढाच्या बाजूस झुकवावे व यंत्र कलू लागल्यास हँडल उताराकडे वळवावे.

भुसभुशीत मातीत यंत्र उलटण्याऐवजी प्रथम बाजूस घसरते. हे घसरणे स्वतः धोक्याचे नसते. परंतु घसरत असता चाक एखादा दगड, खुंट किंवा शेताचा बांध यांस अडले, की घसरण्याची सर्व गती उलटण्यात परिणत होते. अनोळखी जमिनीवर प्रथम पायी फिरून पाहावे, हा अनुभवी चालकांचा प्रघात याच कारणाने पडला आहे.

शर्यतीच्या द्विधाव एंजिनांचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे लागते. कमी फेऱ्यांवर ते सौम्य वाटते व विशिष्ट फेऱ्यांच्या वर जाताच त्याची शक्ती एकदम वाढते. हा बदल वळणाच्या मध्यावर किंवा चढावर झाल्यास पुढचे चाक जमीन सोडते व सुकाणू हातचे जाते. अशा यंत्राचा चालक शक्तीपेक्षा ती केव्हा येणार, याची अधिक जाण ठेवतो. शिरस्त्राण, डोळ्यांवरील संरक्षक चष्मा, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट व लांब बाह्यांचे कपडे ही या चालनाची आवश्यक सामग्री होय.

अपघात व निर्बंध : १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत या यंत्रांची विक्री झपाट्याने वाढली व तिच्याबरोबर अपघातही वाढले. मृत व जखमी झालेल्यांत सोळा वर्षांखालील मुलांचे प्रमाण मोठे होते. याचे यांत्रिक कारण वरील विवेचनावरून स्पष्ट होते. मुलाचे वजन कमी असल्याने शरीर हलवूनही यंत्राचा गुरुत्वमध्य फारसा सरकत नाही. त्याचे हातपाय आखूड असल्याने पुढे-मागे सरकण्याची त्याची मर्यादाही लहान असते. प्रौढासाठी बनविलेल्या यंत्रावर बसलेले मूल हे यंत्राचा भाग न राहता केवळ त्यावरील ओझे होते. जाहिरातींतून मात्र हे यंत्र कुटुंबातील सर्वांसाठी असलेले, शिकण्यास सोपे वाहन म्हणून पुढे आणले जात होते. तीन चाकांवर ते आपोआप उभे राहत असल्याने पालकांनाही ते सायकलीपेक्षा सुरक्षित वाटले.

अमेरिकेच्या ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाने चौकशी करून डिसेंबर १९८७ मध्ये न्यायालयात दावा दाखल केला. होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी व पोलारिस या पाच कंपन्यांशी झालेल्या तडजोडीस एप्रिल १९८८ मध्ये न्यायालयाची संमती मिळाली. तीनुसार कंपन्यांनी नव्या तीनचाकी यंत्रांची विक्री थांबविली, ९० घ. सेंमी. हून मोठ्या एंजिनाची यंत्रे सोळा वर्षांखालील मुलांसाठी न विकण्याचे मान्य केले आणि ग्राहकांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी स्वीकारली. ही तडजोड दहा वर्षांसाठी होती. पुढे २००८ च्या कायद्याने अमेरिकेत नव्या तीनचाकी सर्वभूमी यंत्रांच्या आयातीस व विक्रीस मनाई झाली. सुझुकीने १९८२-८३ मध्येच चार चाकांचे यंत्र बाजारात आणले होते व तीच रचना सर्वत्र रूढ झाली. चार चाकांमुळे वळणावरील स्थैर्य वाढले, पण अपघात संपले नाहीत. वेग, कच्चे प्रशिक्षण व मुलांच्या हाती पडलेले प्रौढांचे यंत्र ही कारणे चौथ्या चाकाने दूर होण्यासारखी नव्हती.

जुन्या यंत्रांची निगा : १९८८ पूर्वीची तीनचाकी यंत्रे आज चार दशकांहून जुनी होत आली असून अनेक देशांत संग्राहक ती दुरुस्त करून चालवितात. अशा यंत्रात एंजिनापेक्षा रबर व तारा यांकडे प्रथम लक्ष द्यावे लागते. जुन्या टायरांच्या बाजूंना बारीक भेगा पडतात व कमी दाबाखाली त्या उघडतात. अंगठ्याच्या कळीची तार गंजून अडकल्यास हात काढूनही एंजिन वेगातच राहते. म्हणून प्रत्येक वेळी एंजिन सुरू करण्यापूर्वी कळ दाबून सोडल्यावर ती आपोआप परत येते की नाही, हे पाहणे अगत्याचे असते. एंजिन बंद करण्याचे बटणही तपासावे. ब्रेकच्या रबरी नळ्या, साखळीचा ताण, हँडलाचे व मागील आसाचे धारवे (बेअरिंग) यांची तपासणी त्यानंतर करावी. द्विधाव एंजिनात पेट्रोलमध्ये वंगणतेलाचे प्रमाण कमी पडल्यास दट्ट्या सिलिंडरात आवळून बसतो व मागची चाके धावत्या यंत्रात एकाएकी थांबतात. त्यामुळे हे प्रमाण अंदाजाने न घेता मोजूनच घ्यावे लागते. भारतात सार्वजनिक मार्गावर चालविण्यासाठी मोटारवाहनाची नोंदणी आवश्यक असते. केवळ मोकळ्या भूमीसाठी बनविलेले यंत्र नोंदणीवाचून रस्त्यावर आणता येत नाही.

तीन चाकांची मांडणी नव्या ऊर्जासाधनांबरोबरही टिकून आहे. विजेवर चालणाऱ्या रिक्षांत जड विद्युत्‌ घटमाला आसनाखाली व मागील आसाजवळ बसविल्यास गुरुत्वमध्य खाली व मागे राहतो आणि त्यामुळे या रचनेचा मूळ दोष काही अंशी कमी होतो. तरीही आधाराचा त्रिकोण कायम असल्याने वाहन उलटण्याचे गणित बदलत नाही. वळणाआधी वेग कमी करणे, भार खाली व मागे ठेवणे आणि प्रवासी व माल यांची मर्यादा पाळणे हे नियम वाळूतील शर्यतीच्या यंत्राला जितके लागू पडतात, तितकेच घाटातून उतरणाऱ्या रिक्षेलाही लागू पडतात. [⟶ मोटारगाडी, मोटारसायकल].